व्हेटरनरीच्या सिलॅबसमध्ये विद्यार्थ्यांचं कोणी ऐकतं का?

थर्ड इयरवाली: दरवर्षी फीडबॅक फॉर्म भरतो पण पुढे काय होतं तेच कळत नाही, प्रॅक्टिकलला एका गायीभोवती पंधरा जण उभे, रेक्टल तपासणीला, म्हणजे गुदद्वारातून आतले अवयव चाचपायला, हात घालायची पाळी येईपर्यंत तास संपतो. कोर्स ठरवताना आम्हाला बसवायला काय हरकत आहे?

जुना व्हेट: अजिबात हरकत नाही. युरोपात व्हेट कॉलेजं तपासायला ईएईव्हीई या संस्थेची जी टीम जाते ना, तिच्यात एक विद्यार्थी असतोच. आणि आयव्हीएसए ही व्हेट विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना तर कित्येक दशकांपासून आहे.

शिकवणारी: मी शिकवते म्हणून सांगते, "प्रॅक्टिकल कमी" एवढंच लिहू नका, त्याने काही हलत नाही. कोणतं कौशल्य, किती वेळा स्वतःच्या हाताने केलं, ते मांडा. रेक्टलसाठी आधी मॉडेलवर सराव मिळाला तर हात तयार होतो आणि जनावराचे हालही कमी होतात, ही मागणी तुमच्याकडूनच यायला हवी.

थर्ड इयरवाली: थँक्यू मॅडम, उद्यापासून बॅचमध्ये प्रत्येकाची नोंद ठेवायला सुरुवात करतो.