मदत हवी आहे: गाडीच्या टपावर सोलर बसवला, तरी पहाटे अडीचला बॅटरी बसते (नाशिक)

गोदाकाठ_१५ · सोमवार, रात्री १०:४०

शनिवारी पहाटे निघायचंय, हाताशी चार दिवस आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. ट्रॅव्हलरच्या टपावर ३३५ वॅटचा सोलर पॅनल बसवून घेतला. बॅटरी १५० एएच (अँपियर-तास). हिशोबाने सगळं पुरायला हवं. पण गेल्या तीनही रात्री पहाटे अडीचच्या सुमारास इन्व्हर्टर टूं टूं करतो आणि बंद पडतो. फिटर म्हणतो पॅनल चांगला, बॅटरी चांगली, ऊन कमी पडतंय. नोव्हेंबरात नाशिकला ऊन कमी?

दुसरा पॅनल घेऊ का? टपावर जागा आहे. घ्यायचा तर उद्याच घ्यावा लागेल. लवकर सांगा प्लीज.

अंबडचा_वायरमन · रात्री १०:५८

उद्या काही घेऊ नका. आधी सांगा, पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर कोणता आहे? बॅटरी ट्युब्युलर (पाण्याची) की लिथियम, नवी की जुनी? रात्रभर काय काय चालतं? भर दुपारी बॅटरीत किती अँपियर जातात? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग उत्तर कसं देणार?

हिशोबी_नाना · रात्री ११:१५

३ किलोवॅटची सिस्टीम बसवा. पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान मिळतं. मी बसवली, बिल जवळपास शून्यावर आलं. वीज कंपनी नेट मीटर बसवून देते, बॅटरीची भानगडच नाही. गच्चीचा फोटो टाका, तोंड दक्षिणेला आहे ना?

गोदाकाठ_१५ · रात्री ११:२२

नाना, गाडीवरचा सोलर आहे, घराचा नाही.

वायरमन दादा, कंट्रोलरवर ३० अँपियर लिहिलंय, १२/२४ व्होल्ट ऑटो. बॅटरी ट्युब्युलर, घरच्या इन्व्हर्टरची काढून घातली. रात्री छोटा फ्रीज, एक पंखा आणि एक छोटं मशीन चालतं. अँपियर उद्या बघतो.

आरटीओ_जाणकार · रात्री ११:४०

सोलर राहू द्या, आधी पासिंगचं बघा. सीटं काढून बेड टाकले असतील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं. आरसीवर जे आहे त्यापेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर चालत नाही. तुमचा मार्ग कोणता माहीत नाही, पण दुसऱ्या राज्याच्या चेकपोस्टवर अडकलात तर शनिवार काय, पुढचा आठवडाही जाईल.

गोदाकाठ_१५ · रात्री ११:४६

गाडी कॅम्पर म्हणूनच पास झालेली घेतली आहे. पेठ रोडला आरटीओत जाऊन कागद बघून आलोय. कृपया बॅटरीबद्दल बोला.

चाकावरचं_बिऱ्हाड · मंगळवार, सकाळी ७:१०

चार वर्षं गाडीत राहून फिरतोय, अनुभवाने सांगतो. सोलरच्या नादी लागू नका. डीसी टू डीसी चार्जर घ्या, ३० अँपियरचा. गाडी चालताना अल्टरनेटरवरून बॅटरी भरते. रोज चार तास गाडी चालली तर १२० एएच आत. ढग असो, झाड असो, फरक पडत नाही. आणि ती ट्युब्युलर काढून लिथियम टाका. १०० एएचच्या लिथियममधून जवळजवळ पूर्ण वीज वापरता येते. ट्युब्युलर रोज निम्म्याखाली नेली की ती लवकर मरते.

अंबडचा_वायरमन · सकाळी ७:३५

बिऱ्हाड, चार दिवसांत माणूस लिथियम आणणार, चार्जर आणणार, अल्टरनेटरपासून जाड केबल ओढणार? आणि १५० एएचच्या ट्युब्युलरला १५ अँपियरच्या आसपास चार्जिंग मानवतं. रोज ३० ने ढकललं तर ती तापते, पाणी उडतं. आधी रोग कळू दे, मग औषध.

चाकावरचं_बिऱ्हाड · सकाळी ७:५०

म्हणूनच लिथियम म्हणालो ना. अर्धवट वाचू नका.

गोदाकाठ_१५ · दुपारी १२:४०

आत्ता बघितलं. कडक ऊन आहे, गाडी मोकळ्यावर उभी आहे. ७ अँपियर. बॅटरी १३.२ व्होल्ट. ३३५ वॅटचा पॅनल, त्यातून शंभर वॅटही येत नाहीत! पॅनल खराब ना? दुकानदाराकडे परत घेऊन जाऊ?

अंबडचा_वायरमन · दुपारी १:०५

पॅनल ठणठणीत आहे. परत नेऊ नका.

पॅनलच्या मागचं लेबल वाचा. व्हीएमपी (पूर्ण ताकदीचे व्होल्ट) साधारण ३८ आणि आयएमपी (तेव्हाचे अँपियर) पावणेनऊच्या आसपास असणार. हा ७२ सेलचा पॅनल, म्हणजे २४ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेला. तुमचा कंट्रोलर पीडब्ल्यूएम आहे, त्या ७ अँपियरवरूनच कळतं. पीडब्ल्यूएम म्हणजे जवळजवळ एक बटण. तो पॅनल सरळ बॅटरीला जोडतो. मग पॅनलला ३८ ऐवजी बॅटरीच्या १३ व्होल्टवर यावं लागतं, अँपियर मात्र तेवढेच राहतात. ९ गुणिले १३, झाले ११७ वॅट. बाकीचे दोनशेवर वॅट बाहेरच येत नाहीत.

त्यात पॅनल टपावर आडवा. नोव्हेंबरात नाशिकला दुपारी बारालाही सूर्य जेमतेम ५२ अंशांवर असतो, डोक्यावर नाही. म्हणून पावणेनऊचे ७ झाले. फिटर ऊन म्हणाला ते वीस टक्के खरं. ऐंशी टक्के चूक त्याने लावलेल्या डबीची आहे.

एमपीपीटी कंट्रोलर घ्या, १०० व्होल्ट ३० अँपियरचा. तो ३८ व्होल्टवर वीज घेतो, १३ वर उतरवतो आणि अँपियर वाढवून देतो. याच उन्हात १६ च्या आसपास दिसायला हवेत. दुसरा पॅनल याच कंट्रोलरला लावला असता तर पैसे दुप्पट आणि वाया जाणारी वीजही दुप्पट.

आता ते 'छोटं मशीन' काय आहे ते सांगा.

गोदाकाठ_१५ · दुपारी १:२०

बाबांचं श्वासाचं. सीपॅप. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्रभर लावावं लागतं. आई-बाबांना घेऊन नर्मदा परिक्रमेला निघालोय, ओंकारेश्वरहून उचलायची (सुरू करायची) आहे. बाबांची दहा वर्षांची इच्छा आहे. परवा रात्री मशीन बंद पडलं तेव्हा ते दचकून उठून बसले, नंतर झोपलेच नाहीत. मला म्हणाले, रद्द करू. म्हणून घाई करतोय.

नर्मदे_हर_ताई · दुपारी १:४५

नर्मदे हर! रद्द करू नका. आम्ही गाडीनेच केली, सासूबाईंना घेऊन. बऱ्याच आश्रमांत वीज असते, पण रात्री व्होल्टेज पडतं आणि खोलीत एकच सॉकेट, त्यावर दहा मोबाईल. मशीनसाठी त्यावर अवलंबून राहू नका. अमरकंटक हजार मीटरवर आहे, थंडी कडक आणि सालाची झाडं दाट. तिथे गाडी मुद्दाम उघड्यावर लावा. ओंकारेश्वरला दक्षिण तटावरून उचललीत तर नर्मदा मैय्या उजव्या हाताला ठेवून आधी समुद्राकडे जाल, अमरकंटक निम्म्यानंतर येईल. तोवर गाडीतलं सगळं सवयीचं होईल.

साधा_परिक्रमावासी · दुपारी २:३०

परिक्रमेत फ्रीज कशाला? मी पायी केली आहे. सदावर्त मिळतं, आश्रमात प्रसाद मिळतो, दूध सकाळी गावात मिळतं. मैय्या उपाशी ठेवत नाही. सोयी जितक्या जास्त तितकी परिक्रमा कमी होते.

नर्मदे_हर_ताई · दुपारी २:४१

काका, सत्तरीच्या माणसाला मशीन लावून झोपावं लागतं, त्याने परिक्रमा कमी होत नाही. फ्रीजचं मात्र पटतं. आमचाही फ्रीज आठव्या दिवसापासून बंदच होता.

रात्रपाळीची_सिस्टर · दुपारी ३:३०

मशीनच्या बाजूला पाण्याची टाकी आहे ना? तो ह्युमिडिफायर. त्यातला हीटर मशीनपेक्षा जास्त वीज खातो. हीटरशिवाय बरीचशी मशीन ३०-४० वॅटमध्ये चालतात, हीटर आणि गरम नळी लावली की दुप्पट किंवा त्याहून जास्त. तो बंद ठेवून चालेल का, हे बाबांच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. स्वतःहून बंद करू नका, काहींना नाक-घसा कोरडा पडून त्रास होतो.

दुसरं म्हणजे, बऱ्याच मशीनना गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारी डीसी वायर मिळते. मॉडेल नंबर बघून तीच घ्या.

अंबडचा_वायरमन · दुपारी ४:०५

सिस्टर म्हणतात ते सोन्यासारखं आहे. १२ चे इन्व्हर्टरने २३० करायचे आणि मशीनच्या अॅडॉप्टरने परत २४ वर आणायचे, यात दोन्हीकडे गळती. शिवाय घरगुती इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १०-२० वॅट खातो. २४ तासांचे धरा साडेतीनशे वॅट-तास. तुमच्या आजच्या चार्जिंगमधून दिवसाला पाचशेच्या आसपास आत जातात.

आणि बॅटरी ठेवली कुठे आहे?

गोदाकाठ_१५ · दुपारी ४:३०

बाबांच्या बेडखाली, प्लायच्या पेटीत. कंट्रोलर ड्रायव्हरच्या मागे, आकडे दिसावेत म्हणून.

अंबडचा_वायरमन · दुपारी ४:३४

आज रात्री गाडीत कोणी झोपणार असेल तर आधी ती बॅटरी तिथून काढा.

ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते. घरी ती हवेशीर कोपऱ्यात असते. बंद पेटीत, वर झोपलेला माणूस आणि त्याच गाडीत ठिणगी टाकणारा कंट्रोलर, हे चालणार नाही. पेटी वरून सीलबंद करून, हवा जायला खाली एक आणि वर एक नळी गाडीबाहेर काढा, नाहीतर बॅटरी बाहेरच्या डिकीत न्या. कंट्रोलर बॅटरीजवळ, पण पेटीच्या बाहेर. ड्रायव्हरच्या मागून बॅटरीपर्यंत पाच मीटर असेल, म्हणजे जाऊन-येऊन दहा. ४ एमएमच्या तारेत १६-१७ अँपियरला पाऊण-एक व्होल्ट वाटेतच जाईल, बॅटरी कधी पूर्ण भरणारच नाही. लांब तार पॅनलच्या बाजूला ठेवा, तिथे व्होल्टेज जास्त म्हणून नुकसान कमी. कंट्रोलर ते बॅटरी १६ एमएम, जितकी आखूड तितकी चांगली. बॅटरीच्या प्लसवर लगेच फ्यूज. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट.

१६ एमएम आणि लग्ज (तारेच्या टोकाला लावायचे) शिंगाडा तलावाकडे मिळतील.

चाकावरचं_बिऱ्हाड · संध्याकाळी ५:१५

लिथियम असती तर हा गॅसचा प्रश्नच नव्हता, एवढं बोलतो आणि गप्प बसतो. आणि भो, पॅनल टपाला कशाने धरलाय तेही बघा. नुसते पत्र्यात मारलेले स्क्रू असतील तर राहुड घाटाच्या वाऱ्यातच सैल होतील. रेल, आरपार बोल्ट आणि पॉलियुरेथेन सीलंट. पॅनल आणि टप यात दोन-तीन बोटं फट ठेवा, तापला की त्याचे वॅट पडतात. कॅरिअरची सावली त्यावर येते का? एका कडेवर पट्टा पडला तरी पॅनलचा निदान तिसरा भाग जातो.

अंबडचा_वायरमन · संध्याकाळी ५:२२

हे सगळं बरोबर आहे. आणि परिक्रमेनंतर त्यांनी डीसी चार्जर लावावा, हेही मान्य.

हिशोबी_नाना · संध्याकाळी ६:००

घरी बसवायचं असेल तेव्हा कळवा, कागदपत्रं कशी भरायची ते सांगतो. वडिलांना नमस्कार.

गोदाकाठ_१५ · गुरुवार, रात्री ९:५०

उशिरा लिहितोय, माफ करा. दोन दिवस त्यातच गेले.

एमपीपीटी लावला. आज दुपारी १२:१५ ला १६.४ अँपियर. तोच पॅनल, तेच ऊन. बॅटरी मागच्या डिकीत नेली, पेटीला दोन नळ्या काढल्या, कंट्रोलर पेटीबाहेर. स्क्रू खरंच नुसते पत्र्यात होते, दोन तर हाताने फिरत होते. सगळे काढून बोल्ट मारले.

पण अजून एक निघालं. वायरमन दादांनी नवी की जुनी विचारलं होतं, मी उत्तरच दिलं नव्हतं. बॅटरी पाच वर्षांची. हायड्रोमीटर लावून सेलमधल्या पाण्याची घनता बघितली, पाच सेल १.२३०, एक १.१५०. म्हणजे तो सेल गेलेला. नवी ट्युब्युलरच घेतली. लिथियम मनात होती, पण शनिवारच्या आत सगळं बदलायचं धाडस झालं नाही.

डॉक्टर म्हणाले, हीटर बंद ठेवून दोन रात्री घरी बघा, नाक कोरडं पडलं तर सलाईनचे थेंब. मशीनची डीसी वायर मिळाली. काल रात्री बाबा गाडीतच झोपले, सोसायटीच्या आवारात. फ्रीज बंद, इन्व्हर्टर बंद. मी साडेपाचला उठून बघितलं, १२.५ व्होल्ट. मशीन चालू होतं आणि बाबा गाढ झोपले होते.

नर्मदे_हर_ताई · रात्री ९:५८

नर्मदे हर! कुपीत जल भरताना बाबांच्या हाताने भरा.

अंबडचा_वायरमन · रात्री १०:१०

दर आठ दिवसांनी बॅटरीचं पाणी बघा, फक्त डिस्टिल्ड. धूळ बसली की पॅनल सकाळी गार असताना पुसा. रात्री बॅटरी १२ व्होल्टच्या खाली गेली तर दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात उभी करून मगच पुढे निघा.

निफाडची_गाडी · शुक्रवार, सकाळी ८:२०

माझ्याकडे ५४० वॅटचा पॅनल आणि १२ व्होल्टची बॅटरी आहे, दुपारी ११ अँपियरच येतात. हाच प्रॉब्लेम का?

अंबडचा_वायरमन · सकाळी ८:३१

कंट्रोलर कोणता?