धरणाच्या पाण्यात गरवण्यासाठी फिश फाइंडर आणि ल्युअर कोणते घ्यावेत?

प्रश्न (मालवण):
नमस्कार. खाडीच्या मुखाशी तांबोशी आणि पालू गरवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. मात्र धरणाच्या पाण्याची मला मुळीच सवय नाही. गेल्या महिन्यात मावसभावाबरोबर तिलारीच्या जलाशयात हवेची छोटी होडी घेऊन गेलो होतो. आमच्या मोठ्या होडीवरचे ५० आणि २०० किलोहर्ट्झचे फिश फाइंडर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारे यंत्र, सोबत नेले होते. पडद्यावर मासे भरपूर दिसत होते, पण एकही लागला नाही, आणि दोन तासांत चार ल्युअर (कृत्रिम आमिषे) बुडालेल्या झाडांत अडकून तुटले. नवे यंत्र घेणे आवश्यक आहे का? ल्युअर कोणते असावेत? मला मुख्यतः मरळ हवी आहे.

उत्तर (दोडामार्ग):
नवे यंत्र घेऊ नका. आहे तेच २०० किलोहर्ट्झवर ठेवा. ५० ची लहर खोल समुद्रासाठी उपयोगी असते, तिचा शंकू (यंत्रातून खाली पसरत जाणारा लहरींचा झोत) रुंद असल्यामुळे उथळ पाण्यात उतार, खडक आणि झाडे एकमेकांत मिसळून दिसतात. २०० चा शंकू साधारण २० अंशांचा धरला, तर १२ मीटर खोलीवर तो तळाचा सुमारे ४ मीटर रुंदीचा तुकडाच पाहतो, म्हणून झाडाचे खोड वेगळे ओळखू येते. यंत्रात गोड्या पाण्याची निवड असेल तर ती करा आणि माशांची चित्रे दाखवणारी सोय बंद ठेवा, कारण ती फांद्यांनाही मासा ठरवते.

आता पडद्यावरच्या माशांविषयी. आपल्याकडच्या बहुतेक जलाशयांत कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज सोडलेले असते. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव खातो, रोहू आणि मृगळ शेवाळ व तळाची कुजकी घाण. हे मासे धातूच्या चमच्यामागे (चमच्याच्या आकाराच्या ल्युअरमागे) सहसा धावत नाहीत. तुम्हाला दिसलेली गर्दी बहुधा त्यांचीच असावी. म्हणून यंत्राने मासा शोधण्यापेक्षा तळ वाचा: बुडालेला ओढा कुठून जातो, जुन्या शेताचा बांध कुठे संपतो, उतार कुठे अचानक खाली जातो, हे एकदा नीट पाहून वहीत उतरवून ठेवलेत, तर पुढच्या खेपेला यंत्र घरी राहिले तरी चालेल.

उत्तर (राजापूर):
वरील मताशी मी सहमत आहे, पण मरळीसाठी यंत्राचा उपयोग जवळजवळ नाहीच. ती हवेत श्वास घेते, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवा गिळते. सकाळी काठाच्या गवतापाशी शांत उभे राहिलात तर तो हलका आवाज आणि पसरणारे वर्तुळ तुम्हाला स्पष्ट कळेल. वर्तुळाच्या पलीकडे मऊ रबराचा बेडूक टाका आणि हळूहळू ओढत आणा. त्याचे दोन्ही गळ अंगाला चिकटून असतात, म्हणून तो गवतातून सुटतो. मरळीने तोंड मारले की लगेच झटका देऊ नका, दोरी ताणली जाईपर्यंत थांबा.

खोडांच्या जागी चमच्याचा ट्रेबल हुक (तीन आकड्यांचा गळ) काढून एकेरी गळ लावा; तुमचे चार ल्युअर बहुधा त्या तीन आकड्यांमुळेच गेले. गढूळ पाण्यात काळा किंवा गडद रंग, नितळ पाण्यात चंदेरी.

एक विनंती मनापासून करतो. पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा थवा पृष्ठभागावर खदखदताना दिसला, तर तिथे ल्युअर टाकू नका. खाली त्यांची राखण करणारी मरळ असते, आणि ती गेली तर पिल्ले इतर मासे संपवतात.

उत्तर (दोडामार्ग):
एक राहिले. जलाशयातील मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. होडी उतरवण्याआधी त्यांची परवानगी अवश्य घ्या.

प्रश्नकर्ता (मालवण):
आपणा दोघांचाही आभारी आहे. यंत्रावर होणारा खर्च वाचला, त्यातून दोन बेडूक आणि एकेरी गळांचे पाकीट घेतो. पुढच्या खेपेला आधी संस्थेत जाऊन विचारीन आणि पहिला दिवस फक्त ओढ्याची जुनी वाट शोधण्यात घालवीन.