दिवाळी अंकाच्या कथेत सोलापुरी बोली किती वापरावी?

अक्कलकोट_रोड: कथा सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यातली, अडीच हजार शब्दांची. संवादांत ‘काय करलालास बे’ ठेवलं, तर पुण्याच्या वाचकाला कळेल का?

मागावरचा: कळेल. निवेदन प्रमाण भाषेत ठेवा, बोली संवादात. दोन-तीनच लकबी निवडा: ‘बे’, ‘लई’, ‘करलालाय’. पण त्या शेवटपर्यंत पाळा. एकाच पात्राच्या तोंडी एकदा ‘करलालाय’ आणि पुढे ‘करतोय’ आलं, की मुद्रितशोधक सगळंच ‘शुद्ध’ करून टाकतो. म्हणून बोलीरूपांची यादी कथेसोबतच जोडा. आणि तेलुगू मातृभाषेचा मालक, कन्नड मातृभाषेचा जॉबर (मागांची देखभाल करणारा) एकसारखं मराठी बोलत नाहीत. हा फरक वाक्याच्या ठेवणीत दाखवा; नुसत्या चुका त्यांच्या तोंडी घातल्या तर टिंगल होते. (मालिकांनी तेच केलंय.)

सिद्धेश्वर_पेठ: फाइल युनिकोडमध्ये द्या, सोबत पीडीएफ. जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरं हमखास फुटतात, मग बोली कुठली नि चूक कुठली कळत नाही. जून-जुलैत पाठवा. गणपतीनंतर बहुतेक अंकांची पानं लागलेली असतात.

अक्कलकोट_रोड: तळटीपा द्याव्यात का?

मागावरचा: नको. अर्थ पुढच्या माणसाच्या उत्तरातून कळू द्या.