मदत हवी आहे : सोलापुरात उकड्या तांदळाची पेज

आजोळी वेंगुर्ल्याला सकाळी मिळायची तशी पेज करायचीय. लालसर, जाड शीत अख्खं, पाणी मात्र दाट. सोबत खारातली कैरी.

मंगळवार पेठेत उकडा तांदूळ मागितला की इडलीचा पांढरा देतात. (ज्वारीच्या गावात ही चौकशी म्हणजे करमणूकच!) तो एकास आठ पाण्यात, उघड्या टोपात मंद आचेवर शिजवला. शीत टिकलं, पण पाणी पातळच आणि तो खमंग वास नाही. कोलमचा गिच्च गोळा होतो, कुकरमध्ये शीत फुटतं. रात्रभर भिजवूनही पाहिलं. कुरिअरने मागवायचा नाहीये, नारळाचं दूधही नको.

लाल उकडा सोलापुरात सुटा कुठे मिळेल? नसेलच, तर इडलीच्या तांदळात दाटपणासाठी कण्या घालाव्यात का, आणि नेमक्या कधी?