डॉर्सेटमधील दोन विल्यम : आमचा पूर्वज कोणता समजावा?

नदीकाठ :
नमस्कार. माझे पती इंग्रज असून त्यांचे घराणे डॉर्सेटमधील शेतमजुरांचे आहे. आमच्या मुलीला दोन्हीकडची वंशावळ लिहून द्यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. माहेरची नावे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत सहा पिढ्यांपर्यंत मिळाली. सासरकडे मात्र मी एका विल्यमपाशी अडले आहे. १८४१च्या जनगणनेत त्याचे वय ३५ लिहिले आहे, म्हणून मी त्या गावच्या पॅरिशची (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीची) नोंदवही पाहिली आणि एप्रिल १८०६मध्ये थॉमसचा मुलगा विल्यम याचा बाप्तिस्मा झाल्याचे आढळले. परंतु शेजारच्या पॅरिशमध्ये नोव्हेंबर १८०३मध्ये त्याच आडनावाच्या जॉनचाही मुलगा विल्यम नोंदलेला आहे. वय जुळते म्हणून थॉमसचा मुलगा आमचा, असे धरून पुढे जावे का?

जुने दप्तर :
कृपया इतक्यात पुढे जाऊ नका. १८४१मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहावीत, अशी प्रगणकांना सूचना होती. त्यामुळे ‘३५’ म्हणजे ३५ ते ३९ यांपैकी कोणतेही वय असू शकते आणि आपले दोन्ही विल्यम त्यात बसतात. शिवाय त्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते लिहिलेले नाही, आणि जन्मस्थळाविषयी त्याच काउंटीतला (म्हणजे डॉर्सेटसारख्या परगण्यातला) जन्म आहे की नाही, मुख्यतः एवढेच विचारलेले आहे. ३० मार्च १८५१च्या जनगणनेत मात्र वय नेमके आहे, नाते आहे आणि जन्माची पॅरिशही आहे. विल्यम तेव्हा हयात असेल, तर ती एक ओळ आधी शोधावी.

तीर्थोपाध्यायांची वही कोण कोणाचा मुलगा हे स्वतःच सांगते. पॅरिशच्या वहीत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तीन सुट्या घटना असतात. तिन्ही एकाच माणसाच्या आहेत हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते.

नदीकाठ :
१८५१ची ओळ मिळाली. वय ४७, शेतमजूर, जन्म शेजारच्या पॅरिशमध्ये! म्हणजे दोन महिने मी थॉमसच्या पूर्वजांमागे होते, ते सारे बाजूला ठेवावे लागणार. एक गोष्ट मात्र उमगत नाही : १८४१मध्ये त्या घरात ॲन नावाची स्त्री होती, १८५१मध्ये पत्नी म्हणून एलिझाबेथ लिहिली आहे. मुले तीच आहेत.

शिलालेख :
हा आपल्यासाठी मोठाच लाभ ठरू शकतो. ॲन ही पत्नी होती की बहीण, हे १८४१ची नोंद सांगत नाही. परंतु ती पत्नी असून वारली असेल, तर विल्यमचा दुसरा विवाह या दहा वर्षांत झाला असावा. १ जुलै १८३७पासून इंग्लंडमध्ये विवाहाच्या नोंदीत वर आणि वधू या दोघांच्याही वडिलांचे नाव व व्यवसाय लिहिला जाऊ लागला. तेथे जॉन आहे की थॉमस, हे पाहिले की प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल. त्याची प्रत जनरल रजिस्टर ऑफिस या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून मागवता येते.

दरम्यान, दोन्ही पॅरिशच्या दफनाच्या नोंदी १८०३पासून पुढे एकेक करून वाचा. त्या काळी कितीतरी मुले तान्हेपणीच जात, आणि आपण ज्याला पूर्वज मानले तो बाळ वर्षभरातच पुरला गेला होता, असे मी दोन घराण्यांत पाहिले आहे. १८१३पासूनच्या छापील वह्यांत दफनाच्या वेळचे वय आणि राहण्याचे ठिकाण असते; त्याआधी बहुधा नाव आणि तारीख एवढेच मिळते, म्हणून ही वाचनाची मेहनत टाळू नये.

नदीकाठ :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. १८४६मध्ये विल्यम आणि एलिझाबेथ यांच्या विवाहाचा उल्लेख सूचीत सापडला असून प्रतीसाठी आजच अर्ज केला आहे. वडिलांचे नाव कळताच येथे लिहीन.