हिरवा झाडबेडूक दिवसा खाली बसून राहतो आणि खात नाही: थंडी की आजार?

रानजाई (सिडनी):
नमस्कार. आमच्याकडे परवाना घेऊन पाळलेली ऑस्ट्रेलियन हिरव्या झाडबेडकांची जोडी तीन वर्षांपासून आहे. एरवी दोघेही दिवसभर काचेच्या वरच्या कोपऱ्यात चिकटून, पाय पोटाखाली दुमडून झोपलेले असतात आणि दिवे मालवले की शिकारीला निघतात. गेल्या आठ दिवसांपासून मात्र नर भर दुपारी पाण्याच्या भांड्याशेजारी बसून राहतो आणि रातकिडे समोरून गेले तरी त्यांच्याकडे पाहत नाही. परवा रात्री तर तो वारंवार तोंड उघडून, अंग आक्रसून, पुढच्या पायांनी डोके चोळत होता. हे जुलैच्या थंडीमुळे होत असेल, की तो आजारी आहे? मुलगी शाळेतून आल्यावर आधी त्याच्याकडेच धावते. कृपया जाणकारांनी सांगावे.

कातळफूल (मेलबर्न):
तोंड उघडण्याची चिंता नसावी, तो कात टाकत होता. झाडबेडूक ठरावीक काळाने अंगावरची पातळ, पारदर्शक कात सोडवून तोंडात ओढतो आणि गिळून टाकतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्याला आचके येत आहेत असेच वाटते. थंडीत भूकही मंदावते. मला खटकते आहे ते त्याचे दिवसा उघड्यावर खाली बसणे, कारण हा प्राणी सवयीचा पक्का असतो. तो बसतो तेव्हा त्याचे पाय कसे असतात, ते आधी पाहावे. निरोगी बेडूक अंगातली ओल टिकवण्यासाठी पाय घट्ट जवळ घेतो. आजारी बेडकाचे पाय सैल पडलेले, थोडे पसरलेले दिसतात. हात क्लोरीन काढलेल्या पाण्याने ओले करून त्याला क्षणभर उताणे ठेवावे, म्हणजे तो चटकन उलटतो का, ते कळेल. पेटीतले रात्रीचे तापमानही मोजावे.

पाणकणीस (ब्रिस्बेन):
मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. खाणे बंद, दिवसा उघड्यावर बसणे आणि वारंवार कात सुटणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर किट्रिड बुरशीची शंका घ्यावीच लागते. बेडूक पाणी आणि क्षार कातडीतून घेतो; ही बुरशी नेमकी तीच कातडी बिघडवते, रक्तातले सोडियम आणि पोटॅशियम घटते आणि शेवटी हृदय थांबते. तिला 17 ते 25 अंश तापमान सर्वांत मानवते, त्यामुळे गारठलेल्या पेटीत बेडूक मंदावतो आणि बुरशी फोफावते. 2021 च्या हिवाळ्यात पूर्व ऑस्ट्रेलियात लोकांच्या अंगणांत मोठ्या संख्येने बेडूक मेले, त्यांत हेच हिरवे झाडबेडूक फार होते आणि तपासलेल्या अनेकांत ही बुरशी सापडली. पोट किंवा मांड्यांची आतली बाजू लाल दिसली, तर जिवाणूंचा संसर्गही असू शकतो. नुसते पाहून निदान होत नाही. कातडीवरून कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात आणि त्याची चाचणी करतात. घरच्या घरी मिठाचे किंवा औषधाचे पाणी करून त्यात बुडवू नये, मात्रा चुकली तर त्यानेच जीव जातो. दोघांना आजच वेगळे ठेवावे, आधी मादीचे आणि मग नराचे काम करावे, दर वेळी नवे हातमोजे घालावेत आणि भांड्यातले पाणी ब्लीच घातल्याशिवाय बागेत ओतू नये.

रानजाई:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मोजले तर पेटीत 15 अंश तापमान होते; थर्मोस्टॅट बंद पडला होता आणि मी केवळ दिवा लागलेला पाहून निश्चिंत राहिले, याचे फार वाईट वाटते. नराचे मागचे पाय खरोखरच सैल आहेत, उलटायला त्याला चार-पाच सेकंद लागले, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर मार्चमध्ये 48 ग्रॅम भरलेले वजन आता 41 आहे. उद्या सकाळी नऊची वेळ मिळाली आहे. मादी व्यवस्थित खाते आहे, तरी तिलाही न्यावे का?

पाणकणीस:
होय, दोघांनाही न्यावे. लक्षणे दिसण्याआधीही संसर्ग असू शकतो. भोके पाडलेल्या वेगवेगळ्या डब्यांत ओला, बिनरंगी कागदी रुमाल घालून न्यावे, डब्यात पाणी भरू नये, आणि वजनाच्या नोंदीची वही आठवणीने सोबत ठेवावी.