सीमाभागात गावाने मिळून ‘आभा’ खाती काढून द्यावीत का?

निपाणीकर
आपल्याकडचा पेशंट एकाच दवाखान्याचा कधी नसतो. ताप आला की गावातला डॉक्टर, वाढलं की बेळगाव, ऑपरेशन म्हटलं की मिरज नाहीतर कोल्हापूर. प्रत्येक ठिकाणी रक्त पुन्हा, ईसीजी पुन्हा. ईसीजीची ती गुळगुळीत पट्टी तर वर्षा-दोन वर्षांत पांढरी पडते, मग जुन्या अटॅकचा पुरावा काय दाखवणार?
‘आभा’चा, म्हणजे रिपोर्ट जोडून ठेवणाऱ्या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा, १४ अंकी नंबर सप्टेंबर २०२१ पासून देशभर आहे, कर्नाटकात चालतो तसाच महाराष्ट्रात. तरुण मंडळं आणि आशाताईंनी मिळून खाती काढून द्यावीत, जुने कागद स्कॅन करून अ‍ॅपमध्ये चढवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

जांबोटीची लेक
दादा, माझा विरोध आहे. ओटीपी येतो कुणाच्या फोनवर? सासूचा मुलाच्या, सुनेचा नवऱ्याच्या. तिने टीबीचं औषध घेतलं, डोक्याच्या डॉक्टरकडे गेली, गर्भ पाडावा लागला, तर ते पहिल्यांदा कुणाला दिसणार? कागद निदान ट्रंकेत तरी ठेवता येतो. शिवाय हे कॅम्प बघितलेत ना? टेबलावर वही, त्यात सगळ्यांचे आधार नंबर आणि मोबाईल नंबर. संध्याकाळी ती वही कुणाच्या घरी जाते, कुणी विचारतं का?

निपाणीकर
ताई, वहीचं पटलं. पण या रचनेत रिपोर्ट ज्या दवाखान्यात तयार झाला तिथेच राहतो. दुसऱ्या डॉक्टरला कोणते कागद आणि किती दिवस दिसावेत हे पेशंट ठरवतो, दिलेली संमती मागेही घेता येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, पण तो त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर, आभावर नाही.

चिक्कोडीचा लॅबवाला
पेशंट ठरवतो हे कागदावर. काउंटरवर ‘ओटीपी सांगा’ म्हटलं की म्हातारा फोनच पुढे करतो, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचतो कोण? आणि आमच्यासारख्या छोट्या लॅब अजून आभाला जोडलेल्याच नाहीत. आम्ही पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, बस्स. खातं निघेल, आत काही नसेल.

शहापूर, बेळगाव
अजून एक घोळ. लोक आभाला पाच लाखांचं आयुष्मान कार्ड समजतात आणि मिरजेच्या काउंटरवर पुढे करतात. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली मोफत उपचारांची महात्मा फुले योजना देऊ केली, त्यावर कर्नाटक सरकारने हरकत घेतली, तेव्हापासून कोणतं कार्ड कुठे चालतं हा गोंधळ आहेच. आभाने बिल माफ होत नाही, हे कॅम्पच्या आधी मराठीत आणि कन्नडमध्ये सांगा.

निपाणीकर
ठीक. वही नको, ज्याने त्याने आपल्याच फोनवर खातं काढायचं. पण हार्टचे, शुगरचे, डायलिसिसचे पेशंट थांबू शकत नाहीत. त्यांच्यापासून तरी सुरू करू.

जांबोटीची लेक
त्यांचं करा, त्याला मी आड येणार नाही. पण जिच्याकडे स्वतःचा फोन नाही, तिचं खातं नवऱ्याच्या नंबरवर काढू नका. तिचे कागद तारखेप्रमाणे लावून, प्लास्टिकच्या फाईलीत घालून तिच्याच हातात द्या. ईसीजीची झेरॉक्सही त्यातच.

चिक्कोडीचा लॅबवाला
झेरॉक्स आमच्या लॅबमध्ये फुकट काढून देतो. पण आभाबद्दल माझं मत बदललेलं नाही.